व्हॅन आली, अहवाल कधी?

सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुभा आहे. केंद्राने न्यायवैद्यक सुविधांसाठी २,२५४ कोटींची योजनाही मंजूर केली. खर्च मोठा, पण वायफळ नाही. डीएनए चाचणी निरपराधालाही सोडवते. मात्र लाखेने सीलबंद केलेली व्हिसेराची बरणी प्रयोगशाळेत पडून राहिली, की खटला रखडतो आणि कच्चा कैदी तुरुंगात खितपत पडतो. तो खर्च कोणत्या ताळेबंदात दिसतो? फिरत्या न्यायवैद्यक व्हॅनला हिरवा झेंडा दाखवायला मंत्री हौसेने येतात. विश्लेषकांच्या भरतीवेळी ती हौस दिसत नाही. कालिन्यापासून नागपूरपर्यंतच्या प्रयोगशाळांतील रिक्त पदे सरकारने आधी भरावीत, यंत्रखरेदी नंतर.