सरासरीचा पगार आणि घरचा रोज



गेल्या पंधरवड्यात तुरीवरची शेंगा पोखरणारी अळी पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. पाहणी आटोपून ओट्यावर चहा घेत असताना घरधन्याने वर्तमानपत्राचा एक कपटा माझ्यापुढे धरला. देशातल्या नोकरदारांच्या सरासरी पगाराचा मोठा आकडा त्यात छापला होता.

"साहेब, सरासरी एवढी असंल तर आमच्या पोराला निदान त्याच्या निम्मा तरी मिळंल की. एक गृहस्थ कायमची नोकरी लावून देतो म्हणतोय. विहिरीकडचा एकर विकावा म्हणतो."

मी कप खाली ठेवला. कीड तुरीवर होती, पण खरी पोखरण या कपट्याने चालविली होती.

म्हटले, "अण्णा, आधी सरासरी म्हणजे काय ते बघू. समजा, चावडीवर पाच असामी बसल्या आहेत. एकाची महिन्याची कमाई 8 हजार, दुसऱ्याची 9 हजार, तिसऱ्याची 10 हजार, चौथ्याची 13 हजार आणि पाचवा आडतदार, त्याची 1 लाख 10 हजार. बेरीज झाली दीड लाख. पाचांनी भागले की सरासरी 30 हजार. आता 30 हजार मिळविणारा त्यांत कोण?"

"कुणीच न्हाई."

"मग पाचांना कमाईप्रमाणे ओळीने उभे करा आणि मधला बघा. त्याला मिळतात 10 हजार. हा मधला माणूस खरा. सरासरी फुगविली ती एकट्या आडतदाराने."

बंधूंनो, हे आपल्याला नवे नाही. पैसेवारी काढताना ओढ्याकाठच्या चार वावरांनी गावाचा आकडा वर चढवला, तर माळावरचा शेतकरी कसा मारला जातो, हे आपण भोगलेले आहे. पगाराच्या सरासरीतही तेच घडते.

नोकरी म्हटली तरी सगळ्या नोकऱ्या एका दावणीला बांधलेल्या नसतात. सातव्या वेतन आयोगाने 1 जानेवारी 2016 पासून केंद्र सरकारच्या नोकरीत सर्वांत खालचे मूळ वेतन 18 हजार आणि सर्वांत वरचे अडीच लाख रुपये ठरविले. वरचा खालच्याच्या सुमारे चौदा पट. पण या शिडीला निदान तळाची पायरी आहे, महागाई भत्ता आहे. ठेकेदाराकडच्या मुलाला यातले काय मिळते, ते चाकणला खोलीत चौघे-चौघे राहणाऱ्या आपल्याच पोरांना विचारा.

मजुरीत तर प्रांताप्रांतांत अंतर आहे. रिझर्व्ह बँकेच्या पुस्तिकेप्रमाणे 2022-23 साली शेतावरच्या पुरुष मजुराचा सरासरी रोज केरळात 764 रुपये होता आणि मध्य प्रदेशात 229. काम मातीचेच, ऊनही तेच, पण दाम तिपटीहून अधिक.

आता आपल्या घरात डोकावू. शेतकरी कुटुंबांची सरकारी पाहणी 2018-19 साली झाली. तीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न 10,218 रुपये निघाले. पिकांपासून 3,798, जनावरांपासून 1,582, जोडधंद्यातून 641, जमीन खंडाने देऊन 134 आणि मजुरी व पगारातून 4,063. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरी जास्त पैसा आणते! 2012-13 च्या पाहणीत पीक पुढे होते. सहा वर्षांत पारडे फिरले. म्हणून पोराने नोकरी धरावी असे बापाला वाटले, तर मी त्याला दोष देणार नाही. माझ्या स्वतःच्या घरची चूलही पगारावरच पेटते. पण नोकरी शोधणे वेगळे आणि जमीन विकून नोकरी विकत घेणे वेगळे. पैसे घेऊन कायमची नोकरी लावून देणारा बहुधा फसवितोच, आणि त्याची पावती मिळत नाही. मुलाने परीक्षा द्यावी, आयटीआय करावे, हातात कसब घेऊन शहरात जावे. विहिरीकडचा एकर मात्र जागेवर राहू द्यावा. शहरात जमले नाही, तर परतायला तीच वाट आहे.

मी हे सांगत होतो, तेवढ्यात दाराआडून वहिनी म्हणाल्या, "साहेब, सगळ्यांचा रोज सांगितला. आमचा कुठं धरला?"

खरे सांगतो, मला चटकन उत्तर सुचले नाही.

सरकार हमीभाव ठरविण्यासाठी पिकाचा खर्च काढते, त्यात घरच्या माणसांची मेहनतही पैशात धरते. 2018-19 पासून हमीभाव जाहीर होतात ते प्रत्यक्ष खर्च अधिक घरची मेहनत यांच्या दीडपटीच्या हिशेबाने. स्वामिनाथन आयोगाने मागितलेला हिशेब यापेक्षा व्यापक समजला जातो. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याजही येते. तो वाद मोठा आहे, चालू राहील. पण दिल्लीच्या कागदावर वहिनींचा रोज निदान लिहिला तरी जातो. आपल्या वहीत तो कुठे आहे?

आणि बाहेरच्या बायांचे काय? पुरुषाला एक रोज, बाईला त्याहून कमी, हे आपण इतके अंगवळणी पाडले आहे की विचारणाराच वेडा ठरतो. मीही धुतल्या तांदळासारखा नाही. एका प्रात्यक्षिकाच्या हिशेबात खुरपणीचे दोन वेगवेगळे दर मी माझ्याच हाताने लिहिले होते. वाकून खुरपणारी पाठ सारखीच दुखते, हे तेव्हा मनात आले नाही.

खरे तर ते मला सर्वांआधी कळायला हवे होते. लहानपणी माझे आई-वडील रोजगार हमीच्या बंडिंगवर जात. तिथे खोदलेल्या मातीचे माप घेऊन पैसे मिळत. माप गड्याचे की बाईचे, हे कुणी विचारत नसे. पुढे काम बंद झाले की आई पुन्हा बागाईतदाराच्या रानात कमी रोजावर जाई. मनगट तेच, फक्त बांध ओलांडला की किंमत उतरे. 1976 साली समान वेतनाचा कायदा झाला, आणि 2019 च्या वेतन संहितेतही सारख्या कामाच्या मजुरीत स्त्री-पुरुष असा भेद करायला मनाई आहे. पण कायदा बांधापर्यंत येतो, आत त्याला आपणच आणावे लागते.

तेव्हा या हंगामात तीन गोष्टी कराव्यात. एक, दोनशे पानी वही घेऊन पिकाच्या खर्चात घरच्या प्रत्येकाचा रोज रोजच्या रोज मांडावा, बाईचा आणि पुरुषाचा एकाच दराने. दोन, खुरपणी, काढणीसारखी कामे शक्य तिथे मापावर द्यावीत, म्हणजे दाम कामाला मिळेल. रोजाने दिलीत तर एका कामाचा एकच दर ठेवावा. तीन, मुलाच्या नोकरीचा विचार करताना सरासरी विचारू नये. आपल्याच गावातून गेलेल्या पाच मुलांना हातात किती पडते ते विचारावे, त्यातून खोलीभाडे आणि खाणावळ वजा करावी, आणि मधल्याचा आकडा धरावा.

त्या घरी मी निघालो तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. पण परवा बाजारात भेटले. म्हणाले, "साहेब, एकर ठेवलाय. अन् वही घेतलीय. घरच्यांचा रोज मांडल्यावर तुरीचा नफाच गेला हो!"

मी म्हटले, "गेला नाही, अण्णा. तो वहिनींचाच होता, आता दिसायला लागला."

पुढील अंकात हरभऱ्यावरील घाटे अळीचा बंदोबस्त पाहू. तोवर शेतात पक्षीथांबे लावून ठेवावेत.