तुळईवरचे आकडे

कौल हातात आलं की आधी बोटाच्या पेराने त्यावर वाजवून बघायचं. खणखणीत आवाज आला तर कौल शाबूत. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी केसाएवढी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो. असं कौल बाजूला काढायचं, नाहीतर आषाढातल्या एखाद्या रात्री ते हमखास दगा देतं. हे मला तात्यांनी, माझ्या थोरल्या काकांनी, मी आठ वर्षांची असताना शिकवलं. गेल्या आठवड्यात तेच तात्या अंगणात बाजेवर बसून माझ्या भाचीला शिकवत होते, "डोळ्याने नको बघू बाळा, कानाने बघ."

आमचं घर भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठावर, रतनवाडीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका वाडीत आहे. पाठीशी रतनगड, पुढे पाणी. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी या घरात यंदाचे पहिले पाहुणे उतरतील आणि मग जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दर आठवड्याला नवी माणसं येत राहतील. त्याआधी घर शाकारायचं, भिंती लिंपायच्या, भुई सारवायची. त्यासाठी दर एप्रिलमध्ये आम्ही सगळे जमतो. मी नाशिकहून घोटीमार्गे, धाकटा भाऊ आणि त्याची बायको मुलांना घेऊन पिंपरीहून, तात्या आणि थोरली आत्या संगमनेरहून. वाडीतच राहणारा चुलतभाऊ, आमचा दादा, आणि वहिनी तर तिथे आहेतच.

जलाशयाशी आमचं नातं साधं नाही. धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, म्हणून ते विल्सन डॅम. ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी त्यात मावतं. त्या पाण्याखाली खोऱ्यातली भातखाचरं गेली, त्यात आमच्या पणजोबांचीही होती. उरलंसुरलं घेऊन ते वर उतारावर आले आणि तिथे त्यांनी गवताने शाकारलेलं खोपटं बांधलं. इथे साठलेलं पाणी उन्हाळ्यात आवर्तनाने सुटतं आणि खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, श्रीरामपूरकडच्या उसाला जातं. लहानपणी पाण्याची पातळी उतरलेली दिसली की आजी म्हणायची, "आपलं शेत दुसऱ्याच्या उसाला गेलं बघ." तिच्या बोलण्यात कडवटपणा नसे, पण विसरही नसे.

खोपटाचं घर झालं ते आजोबांच्या हातून. १९७४ साली गवत उतरवून मंगलोरी कौलं चढवली. ही कौलं म्हणजे बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला तिथून देशभर पसरलेला प्रकार. मागच्या बाजूला दोन कान असतात, ते रिपेत अडकतात. एका चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. आमच्या दोन्ही पाख्यांवर मिळून दीड हजार आहेत. ती चढली त्या दिवशी आजोबांनी माजघरातल्या धुराने काळ्या झालेल्या तुळईवर चुन्याने लिहिलं: '१९७४ – नवी'. पुढच्या वर्षी शाकारणी झाली तेव्हा त्याखाली वर्ष आणि त्यापुढे फुटक्या निघालेल्या कौलांची संख्या लिहिली. तेव्हापासून ही रीत आहे. १९७५ – १८. १९७६ – २३. वानरांचा कळप पाख्यावरून गेला त्या वर्षीचा आकडा ९६. २०१५ – ४१.

त्याखाली दोन वर्षांची जागा कोरी आहे.

२०१५ च्या हिवाळ्यात आजी गेली. तात्या मुलाकडे संगमनेरला राहायला गेले. दादाचं स्वतःचं घर वाडीत होतंच, शेत तोच बघत होता. आम्ही बाकीचे आपापल्या नोकऱ्यांत होतो. जुन्या घराला कुलूप लागलं. कुणी भांडलं नाही, कुणी वाटणी मागितली नाही. नुसतं "पुढच्या वर्षी बघू" म्हणत राहिलो. घाटघर-रतनवाडीच्या या पट्ट्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. पाच हजार मिलीमीटर पाऊस इथल्या माणसाला नवलाचा वाटत नाही. अशा पावसात बंद घराचं काय होतं ते आम्ही २०१८ च्या उन्हाळ्यात कुलूप काढलं तेव्हा पाहिलं. एक कौल सरकतं, तिथून पाणी रिपेवर येतं, रीप कुजते, मग तिच्यावरची सगळी ओळ खाली घसरते. खाली वासा भिजतो, त्याला वाळवी लागते. चूल पेटत नाही म्हणून धूर नाही. धूर नाही म्हणून किडा-भुंगा निर्धास्त. माजघरात कमरेएवढं रान उगवलं होतं. त्या उन्हाळ्याचा आकडा तुळईवर आहे: ४३७.

पाहुण्यांना घर द्यायचं हा विचार वहिनींनी मांडला तो त्याच उन्हाळ्यात. तात्यांना तो अजिबात रुचला नाही. आईच्या चुलीपाशी पैसे देणारी माणसं बसणार, हे त्यांना सहन होईना. माझ्या मनातही तेच होतं, हे मी आज कबूल करते. वहिनी एवढंच म्हणाल्या, "तात्या, माणसं येणार म्हटलं की आपण घराला हात लावू. नाहीतर आपण नुसती आठवण काढू, आणि घर पडेल." यावर कुणालाच उत्तर सुचलं नाही.

आज इतक्या वर्षांनी मला ठामपणे म्हणावंसं वाटतं की वहिनींचंच खरं होतं. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे घर आपलं राहतं असं नाही. वर्षातून एकदा ज्याच्या हाताला त्याची माती लागते त्याचं ते राहतं. पाहुण्यांनी आमचं घर आमच्यापासून काढून नेलं नाही. त्यांच्यामुळे आम्हाला दरवर्षी तिथे जावं लागतं, आणि जावं लागतं म्हणून आम्ही एकमेकांचे राहिलो. पैशाचा हिशेब आम्ही पहिल्याच वर्षी ठरवून टाकला. निम्मा दादा-वहिनींचा, कारण पाहुण्यांचं रांधणं-वाढणं तेच करतात. उरलेला निम्मा घराच्या खात्यात, कौलं, रिपा, वायरिंग, गाद्या यांसाठी. बाहेर राहणारा कुणीही त्यातला रुपया घेत नाही. नात्यात जिथे पैसा येतो तिथे हिशेब आधी बोलून घ्यावा, असं मी माझ्या अनुभवावरून सांगते.

शाकारणीचं काम एकट्यादुकट्याचं नाही. वर दादा आणि धाकटा भाऊ. त्यांनी आढ्यापासून कौलं उतरवायची, शिडीवर उभ्या असलेल्या माणसाकडे द्यायची, तिथून हातोहात अंगणात. अंगणात आम्ही काथ्याने शेवाळ खरवडतो, वाजवून पाहतो, शाबूत आणि फुटकी वेगळी लावतो. पाखं उघडं पडलं की रिपा तपासायच्या, वाळवीची बदलायच्या, साठलेला पाचोळा झाडून काढायचा. मग वळचणीपासून सुरुवात करून एकेक ओळ वर चढवत न्यायची, म्हणजे वरच्या कौलाचं पाणी खालच्याच्या पाठीवर पडतं. दुपारपर्यंत खांदे भरून येतात. पण त्या साखळीत उभं असताना ज्या गोष्टी बोलल्या जातात त्या फोनवर कधीच निघत नाहीत. धाकट्याच्या कंपनीत काय चाललंय ते मला यंदा पन्नास-साठ कौलं हातातून जाईपर्यंत कळलं. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, म्हणूनच सांगू शकला असावा.

भिंतीच्या बाबतीत मात्र आम्ही एक मोठी चूक केली होती, आणि ती लिहायलाच हवी. पडवीलगतच्या खोलीची भिंत कुडाची आहे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून दोन्ही बाजूंनी माती-शेणाचं लिंपण. पहिल्या वर्षी एका पाहुण्यांनी "भिंत पक्की असती तर बरं" असं म्हटलं आणि आम्ही बाहेरच्या गवंड्याकडून त्यावर सिमेंटचा गिलावा करून घेतला. पहिल्या पावसाळ्यात भिंत झकास दिसली. दुसऱ्या पावसाळ्यात ती फुगली, आणि दसऱ्याच्या सुमारास गिलाव्याची अख्खी ढलपी सुटून खाली आली. आतली कारवी काळी पडून भुगा झाली होती. मातीची भिंत पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडून देते. सिमेंटने तिचं तोंडच बंद केलं. आत गेलेला ओलावा बाहेर यायला वाट उरली नाही. आत्याने तो भुगा हातात घेतला आणि म्हणाली, "भिंतीला श्वास घेऊ द्यायचा असतो रे."

आता दरवर्षी त्या भिंतीचं लिंपण आत्याच्या देखरेखीखाली होतं. काठ्या स्वतःच्या बांधावरच्या. माती चाळून, भिजवून, त्यात भाताचं तूस आणि शेण मिसळायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. शेण दादाच्या डांगी गाईंचं. डांगी ही या मुसळधार पावसाच्या मुलखातलीच जात. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, म्हणून भातखाचरात भिजत उभी राहूनही ती आजारत नाही. तूस मातीला तडा जाऊ देत नाही. मला याचं नेहमी अप्रूप वाटतं: गाय, माती, भात, कारवी, सगळं इथलंच, आणि इथल्या पावसाशी कसं वागायचं ते सगळ्यांना ठाऊक.

भुई चोपण्याने ठोकून सपाट केली की सारवण. आत्या सत्तरी ओलांडलेली, तरी ओणवी बसून तिने अर्धी ओटी एकटीने सारवली. तिचा हात उजवीकडून डावीकडे एकसारखा फिरतो आणि मागे अर्धचंद्रांची रांग उमटत जाते, प्रत्येक चंद्र पहिल्याच्या कडेला टेकलेला. उरलेली अर्धी ओटी भाचीने केली. तिचे चंद्र लहान, मधेमधे तुटलेले. मी ते पुसून सारखे करायला गेले तर आत्याने माझा हात धरला. "राहू दे. पाहुण्यांना कळू दे, घरात लेकरं आहेत."

अखेरचं काम दिव्यांचं. मेच्या शेवटी वळवाच्या सरी पडू लागल्या की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांची वस्ती होते. अख्खं झाड एका लयीत उजळतं आणि विझतं. त्यासाठीच हजारो माणसं तेव्हा भंडारदऱ्याला येतात. पण काजवा चमकतो तो जोडीदाराला खूण करायला, आणि प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. त्याच्या खुणेवर गाडीचा झोत किंवा अंगणातला पांढरा दिवा पडला की ती खूण कुणाला दिसत नाही. त्याच्या अळ्या झाडाखालच्या ओल्या मातीत गोगलगाई खाऊन वाढतात. त्याच मातीवर आपण फोटोसाठी पाय देतो. हा सगळा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, म्हणजे घर आमचं असलं तरी रात्र त्यांची आहे. अंगणातला मोठा दिवा आम्ही केव्हाच काढून टाकला. यंदा मुलांनी जुन्या बांबूच्या टोपल्या उलट्या करून पडवीतल्या मंद पिवळ्या दिव्यांवर बसवल्या, म्हणजे उजेड फक्त पायापुरता पडतो. खिडक्यांना जाड पडदे शिवले. येणाऱ्या प्रत्येकाला दादा हात जोडून सांगणार आहे: रात्री झाड बांधावरूनच बघायचं, बॅटरी खिशात. जेवणात नाचणीची भाकरी आणि काळभात, आणि जेवल्यावर अंधार. आमच्याकडे द्यायला याहून चांगलं काही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी शाकारणीची परीक्षा असते. ऊन डोक्यावर आलं की सगळी दारं-खिडक्या लावून आत अंधार करायचा आणि माजघरात उताणं पडून वर बघायचं. जिथे उन्हाचा ठिपका दिसतो तिथे पाऊस येणार. पूर्वी हे काम आजोबा करत, मग तात्या. यंदा गोधडी अंथरून तात्यांच्या शेजारी भाची पडली. तात्यांची नजर आता अधू झाली आहे. ती बोट दाखवून सांगत होती, "तात्याआजोबा, तिसऱ्या वाशाच्या डावीकडे एक. तुळईच्या वर दोन." तात्या खालून काठीने वाशावर ठोकत, आणि त्या आवाजाच्या अंदाजाने वर बसलेला दादा कौल सरकवत होता. एकेक ठिपका विझत गेला. शेवटी पूर्ण अंधार झाला, आणि त्या अंधारात तात्या म्हणाले, "झालं."

दारं उघडल्यावर भाचीला स्टुलावर चढवलं आणि चुन्याची काडी तिच्या हातात दिली. तिने वाचायला १९७४ पासूनच सुरुवात केली. कोऱ्या जागेपाशी थांबून विचारलं, "इथे का नाही लिहिलं?"

तात्यांनीच उत्तर दिलं. "त्या वर्षी आपण आलो नव्हतो बाळा."

ती जरा वेळ त्या जागेकडे बघत राहिली. मग यंदाचं वर्ष लिहिलं, आणि त्यापुढे ३८.