धुऱ्याचा तंटा गावात मिटला, पण कागद कुठे आहे?

धानाची रोवणी आली की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. मजूर मिळत नाहीत आणि धुऱ्यावरून भांडणं होतात. शेजाऱ्यानं धुरा हातभर कोरला, नाहीतर बांधीचं पाणी अडवलं. मग तंटामुक्ती समितीची बैठक.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. बक्षिसांचा गाजावाजा कधीच ओसरला, पण गोंदिया-भंडाऱ्यात समितीच्या अध्यक्षपदासाठी ग्रामसभेत अजून चुरस असते. (कधी त्या निवडीवरूनच तंटा होतो, ते सोडा.)

अडचण पुढे येते. समितीसमोर दोघं हात मिळवतात, रजिस्टरवर सह्या होतात, चहा होतो. पुढच्या खरिपात शेजारी शब्द फिरवतो. तेव्हा समिती काय करणार? ती काही कोर्ट नाही. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात गावपातळीवरच्या मध्यस्थीची तरतूद आहे, पण असा समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येणार नाही, असं त्यातच लिहिलं आहे.

म्हणून गावात जुळलं की तिथंच थांबू नका. दोघांनी मिळून तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या. कोर्टात केस नसली तरी वाद दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवता येतो. तिथल्या तडजोडीला १९८७ च्या कायद्यानं दिवाणी हुकूमनाम्याचं बळ आहे, त्यावर अपील नाही. जुनी केस तिथं मिटली तर भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते.

रस्त्याच्या वादात मात्र घड्याळ बघा. शेतात जायचा वहिवाटीचा रस्ता अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ प्रमाणे अडथळा सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत तहसीलदाराकडे दावा करावा लागतो. बैठकांवर बैठका घेत हे महिने निघून जातात, आणि अडवणाऱ्याला तेच हवं असतं. बैठक चालू द्या, पण अर्ज आधी देऊन ठेवा.

काही गोष्टी तर बैठकीत नेऊच नयेत. बलात्कार, अ‍ॅट्रॉसिटीसारखे गुन्हे मिटवायचा अधिकार लोकअदालतीलाही नाही. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला चार पुरुषांनी 'संसार सांभाळ' म्हणून परत पाठवणं, याला मध्यस्थी म्हणत नाहीत. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या नंबरवर फोन करता येतो.