चिठ्ठी कुठंय?

परवा अमेरिकेतल्या मावसबहिणीशी बोलत होते. तिच्या पर्समध्ये नाकात मारायचा एक फवारा असतो, नॅलोक्सोनचा. अफूच्या जातीची औषधं जास्त होऊन कुणाचा श्वास मंदावला, तर मारायचा. २०२३ पासून तो तिकडे दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो.

ऐकताना मला आमचं वेल्हं आठवलं. (कागदावर आता राजगड तालुका, पण आमच्या तोंडी वेल्हंच.) आमच्याकडे भीती लाल विंचवाची.

काही वर्षांपूर्वी भात झोडणीच्या दिवसांत चुलतभावाच्या मुलाला पेंढा उचलताना विंचू चावला. आधी नुसता ठणका. मग घामानं अंग निथळलं, उलट्या, हातपाय गार. जीप नसरापूरकडे निघाली. वाटेत एक मेडिकल उघडं होतं. भावानं गोळीचं नाव सांगितलं, ते त्याला ठाऊक होतं. दुकानदार म्हणाला, "चिठ्ठी कुठंय?" नियमानं त्याचं बरोबरच होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत पोराच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं. वाचला, पण चार दिवस कुणी जेवलं नाही घरात.

ती गोळी म्हणजे प्राझोसिन. रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी. विंचवाच्या विषानं रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं. ही त्या सैल करते. हे शोधलं कुठे? भोरहून वरंधा घाट उतरलं की महाड, तिथे! डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, ऐंशीच्या दशकात त्यांनी ही गोळी वापरली. आधी विष भिनलेल्या शंभरांतले पंचवीस-तीस दगावत, पुढे एखादाच. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी आमच्या पोराला मिळाली नाही.

सर्पदंशाची लस दुकानात द्या असं मी म्हणणार नाही, ती शिरेतून द्यावी लागते, उलटली तर सांभाळायला डॉक्टर लागतो. प्राझोसिन तोंडानं घ्यायची. धोका आहेच, रक्तदाब एकदम उतरतो, रुग्णाला आडवंच ठेवावं लागतं. नुसतं ठणकत असेल तर ती द्यायचीही नाही. पण घाम, उलटी, गार हातपाय ही लक्षणं ओळखायला औषधविक्रेत्याला शिकवता येणार नाही? डॉक्टरला फोन लावायचा, वजन सांगायचं, पहिली गोळी द्यायची आणि गाडी पुढे काढायची. भोर-वेल्ह्याच्या आडरस्त्यावरच्या दुकानांना एवढी परवानगी हवी.

भाऊ आता दिवाळीआधीच डॉक्टरकडून चिठ्ठी लिहून आणतो. गोळ्या देवघरातल्या डब्यात असतात.