मोबाइलवर खापर कशाला?

ख्रिस्ती घरांतली सांजप्रार्थना मोडली ती मोबाइलने, क्रिकेटने नि मालिकांनी, असे सर्रास बोलले जाते. उपायही ठरलेला: ही वेडे घराबाहेर काढा, श्रद्धा आपोआप जागेवर येईल. हे निदान मला मुळीच मान्य नाही.

मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचेच पाहा. 1845 मध्ये ते नागपुरात आले शुभवर्तमान सांगायला. पण त्यांना दगडांचाही भारी नाद. नागपूरभोवतीच्या खडकांतले जीवाश्म ते गोळा करीत, गोंडांच्या चालीरीती टिपून ठेवीत. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. भूशास्त्र तेव्हा नवे होते आणि ते बायबलच्या मुळावर येईल अशी भीती अनेक भाविकांना वाटे. हिस्लॉपांनी दोन्ही सांभाळले. आमच्या कुही तालुक्यात अडमला प्राचीन नगर उकरून निघाले आहे. एखादे ख्रिस्ती पोर तिथे रमले तर पाद्रीबाबांनी खुशाल रमू द्यावे.

ख्रिस्ताची जागा बळकावतात त्या बहुधा चांगल्याच गोष्टी. नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचे काम केलेले नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये राबले. 1917 मध्ये त्यांनी मिशन सोडले, पगारावर पाणी सोडले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तो खुला होता. मिशन त्यांनी सोडले ते वाईट होते म्हणून नव्हे. भले कामही माणसाच्या नि ख्रिस्ताच्या मध्ये उभे राहू शकते, हे त्यांनी ओळखले, असे मी मानतो. आज आपण संस्थेच्या इमारती मिरवतो, नोकरी लागली की साक्ष देतो आणि नाही लागली की दुसरी प्रार्थनासभा शोधतो. हा आशीर्वादाचा सौदा मोबाइलने शिकवला काय?

कुणी म्हणेल, टिळक होणे साध्या माणसाला झेपायचे नाही. झेपायची गरजही नाही. कुही-मांढळकडे मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या आवारात, बाया दिवसभर देठ खुडतात. बोटांची आग रात्रीपर्यंत जात नाही, आणि मजुरी मिळते किलोवर. त्यांतली एखादी ख्रिस्ती बाई मोबाइलवर गाणी ऐकत बसली तर बसू द्या. चुकाऱ्याच्या दिवशी शेजारणीचे चार किलो चुकून हिच्या नावावर चढले, तर ते ती आपल्या तोंडाने सांगते काय, एवढेच मला विचारायचे आहे.