द्राक्षवेलीचा डोळा कोणाच्या मालकीचा?

म्हैसूरच्या चेलुवांबा प्रासादात 1950 साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. म्हशीचे दूध तान्ह्या मुलांच्या आहारास निरुपयोगी, हा रूढ समज याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी खोटा ठरविला. म्हशीच्या दुधापासून बालआहार तयार करण्याची त्यांची प्रक्रिया आणंदच्या सहकारी दूध उत्पादकांच्या हाती गेली आणि ‘अमूल’ने ती घरोघर पोहोचविली. सार्वजनिक प्रयोगशाळेतील ज्ञान उत्पादकांच्या संघटनेला मिळाले की काय घडते, याचा हा जिवंत पुरावा आहे. आज द्राक्षवेलीच्या संदर्भात त्याची आठवण करणे अगत्याचे झाले आहे.

वेलीच्या शेंड्यातील मिलिमीटरच्या अंशाइतका कोंब निर्जंतुक नळीत, क्षार, साखर व संप्रेरके यांच्या माध्यमात वाढवून नवी रोपे मिळविता येतात. हेच ऊतिसंवर्धन. फ्रान्समधील जॉर्ज मोरेल यांनी 1940च्या दशकातच द्राक्षाच्या ऊती नळीत वाढविल्या होत्या. 1962 साली मुराशिगे व स्कूग यांनी माध्यमाचे सूत्र दिल्यावर हे तंत्र जगभर पसरले. द्राक्षाला त्याची खरी गरज आहे ती विषाणूंमुळे. पाने वळविणारा विषाणू रोगट काडीबरोबर एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो आणि कोणतीही फवारणी त्याला मारू शकत नाही. शेंड्याच्या टोकावरील कोवळ्या ऊतीत मात्र तो बहुधा पोहोचलेला नसतो. तेथून वाढविलेली आणि तपासून घेतलेली वेल निरोगी निघते.

म्हणून प्रत्येक बागायतदाराने नळीतील रोपे विकत घ्यावीत, असे नाही. काडी लावणे आणि डॉगरिज खुंटावर कलम बांधणे हेच आजही स्वस्त व सुलभ आहे. प्रयोगशाळेने निरोगी मातृवेली तयार कराव्यात, त्यांच्या मातृबागा उभ्या कराव्यात आणि तेथील काड्या गावोगाव जाव्यात, हाच शहाणपणाचा मार्ग होय. केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये 1,765 कोटी रुपयांचा निरोगी रोपांचा कार्यक्रम मंजूर केला. त्यात द्राक्षाचे केंद्र पुण्यात योजिले आहे. पैसा जनतेचा आहे. त्याचे फळ कोणाच्या पदरात पडणार, हा प्रश्न आताच विचारला पाहिजे.

महाराष्ट्राची द्राक्षशेती उभी राहिली ती शेतकऱ्याच्या नजरेवर. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेतून ‘तास-ए-गणेश’ हे वाण निवडले. सोलापूरजवळील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ दिले. या वाणांच्या काड्या शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, सोयऱ्याकडून सोयऱ्याकडे जात राहिल्या. आता मात्र परदेशी पैदासकारांची हक्करक्षित वाणे नाशिक जिल्ह्यात आली आहेत. त्यांच्यासाठी परवाना घ्यावा लागतो, स्वामित्वशुल्क भरावे लागते आणि स्वतःच्या बागेतील काडी शेजाऱ्याला देण्यास करार मनाई करतो. निर्यातीचा भाव चांगला मिळतो हे खरे. पण वेल शेतकऱ्याच्या रानात आणि तिचा डोळा दुसऱ्याच्या तिजोरीत, अशी ही स्थिती आहे.

आपल्या 2001च्या वाणसंरक्षण कायद्याने नोंदणीकृत वाणाचेही बियाणे राखण्याचा, वाटण्याचा आणि बिनशिक्क्याने विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. कायद्याच्या व्याख्येत काडीसारखे प्रजननसाहित्यही बियाण्यातच मोडते. 2019 साली पेप्सिको कंपनीने गुजरातच्या बटाटा उत्पादकांना न्यायालयात खेचले, तेव्हा याच हक्काच्या बळावर शेतकरी संघटना उभ्या राहिल्या आणि कंपनीला दावे मागे घ्यावे लागले. कायद्यात लिहिलेला हक्क संघटित शक्तीखेरीज टिकत नाही, हाच त्याचा बोध.

यास्तव मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक खर्चाने शुद्ध केलेल्या वेली कोणत्याही कंपनीला मक्तेदारीने देऊ नयेत. मातृबागा बागायतदारांच्या सहकारी संस्थांकडे व कृषी विद्यापीठांकडे असाव्यात. काडीचा दर उत्पादनखर्चाशी बांधलेला असावा आणि दोन एकरांच्या बागायतदाराला ती प्रथम मिळावी. शेतकरी हक्काला मुरड घालणारी कोणतीही अट परराष्ट्रांशी होणाऱ्या व्यापार करारांत सरकारने मान्य करू नये. दुधाच्या बाबतीत म्हैसूर ते आणंद हा मार्ग देशाने एकदा चालून दाखविला आहे. द्राक्षाच्या बाबतीत मांजरीच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रापासून तासगाव-दिंडोरीपर्यंतचे अंतर तर त्याहून कितीतरी कमी आहे.