पार्थिवाचे परतणे

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आपण ज्या मूर्तीची स्थापना करतो, तिला शास्त्राने ‘पार्थिव’ म्हटले आहे. पार्थिव म्हणजे पृथ्वीची, मातीची. मूर्तिकाराच्या कलेचे रहस्य या एका शब्दात आहे. माती ही पृथ्वी, तिला कालवणारे जल, सुकविणारे तेज आणि वायू, अन् आकाराला अवकाश देणारे आकाश. अथर्वशीर्षानेही गणपतीला याच पंचमहाभूतांच्या रूपांत पाहिले आहे.

तैत्तिरीय उपनिषदातील सृष्टिक्रम आकाशापासून निघून वायू, अग्नी, जल असा पृथ्वीपर्यंत उतरतो. लयाचा क्रम याच्या उलट. तेथे पृथ्वी प्रथम जलात विरते. विसर्जन हा त्या लयाचाच घरोघरी होणारा संस्कार होय.

प्लास्टर ऑफ पॅरिसने नेमका हाच क्रम मोडला. जिप्सम नावाचे खनिज सुमारे १५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यातील बहुतेक पाणी घालविले की ही भुकटी होते. पुन्हा पाणी मिळताच काही मिनिटांत ती दगडासारखी घट्ट होते. शाडूला पाणी मोकळे करते, प्लास्टरला पाणीच बांधते. मग नदीने त्या मूर्तीला विरवावे तरी कसे? भग्न सोंड आणि तुटलेले हात काठावर पाहून कोणत्या भाविकाचे मन शहारत नाही? शिवाय काही रासायनिक रंगांतील शिसे व पारा पाण्यात उतरतात, ते वेगळेच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्तींस मनाई केली. ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडविण्यास व विकण्यास मुभा दिली. पुढे जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच व्हावे असे ठरले, तर त्याहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत सवलत मिळाली. प्लास्टर हलके आणि स्वस्त, साच्यातून भराभर निघणारे. त्यावर अनेक कारागिरांची चूल पेटते, हे आम्ही विसरत नाही. परंतु मूर्ती कोठे बुडवावी एवढेच न्यायालय सांगू शकेल. ती विरणारी असावी की नाही, हे घेणाऱ्या घरानेच ठरवायचे आहे. मागणी मातीची झाली, तर तोच कारागीर माती हाती घेईल.

आपल्याच जिल्ह्यात कळंबचा चिंतामणी आहे. तेथील कुंडाचे पाणी वाढून देवाच्या चरणांना स्पर्श करते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. जेथे जल स्वतः देवाच्या भेटीस येते, त्या जिल्ह्यात आर्णीकरांनी आपल्या अरुणावतीस न विरणारे ओझे द्यावे काय? ती पुढे पैनगंगेस मिळते. आपण टाकलेले तिच्याबरोबर पुढच्या गावांनाही पोहोचते.

नदीत न सोडल्यास धर्म लोपेल, ही शंका आम्हांस कीर्तनानंतर अनेकदा विचारली जाते. उत्तरपूजेने देवाला निरोप दिला की उरते ती माती. हातभर उंचीचीच मूर्ती आणावी, घरच्या घंगाळात ती विरू द्यावी, गाळ तुळशीला घालावा किंवा पुढील वर्षाच्या मूर्तीसाठी जपून ठेवावा. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणताना येणाऱ्याची वाट आपणच मोकळी ठेवायची असते.